मंगळवारचं ठिगळ, शनिवारची शिलाई

ओळखीच्या एका करसल्लागारांच्या ऑफिसात चार संगणक आहेत आणि चारही मॉनिटरच्या कडेला एकेक पिवळी चिठ्ठी चिकटवलेली होती : ‘अपडेट आलं तर करू नये. सरांना विचारावं.’ चिठ्ठीमागची हकिगत ऐकल्यावर सरांचा राग येत नाही. एका महिन्याच्या वीस तारखेला, म्हणजे जीएसटीचं विवरणपत्र भरायच्या शेवटच्या दिवशी, संध्याकाळी पाच वाजता विंडोजने परस्पर रिस्टार्ट घेतला. पडद्यावर गोल फिरणारे ठिपके आणि ‘३० टक्के पूर्ण, संगणक बंद करू नका.’ पाऊण तास सगळं ऑफिस त्या ठिपक्यांकडे बघत बसलं. संगणक उठला तेव्हा डिजिटल सहीचं टोकनच ओळखेना. रात्री साडेअकराला कसंबसं काम उरकलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चिठ्ठ्या लागल्या.

चिठ्ठी लावणं चूक होतं, पण त्याआधीची चूक मोठी होती. अपडेट कोणत्या दिवशी घ्यायचं हे ऑफिसने कधी ठरवलंच नव्हतं, म्हणून ते विंडोजने ठरवलं. हा लेख त्या दिवसाबद्दल आहे.

सॉफ्टवेअरच्या दुरुस्तीला ‘पॅच’ म्हणतात, म्हणजे सरळसरळ ठिगळ. हा शब्द उपमेतून आलेला नाही. १९४४ मध्ये कामाला लागलेल्या हार्वर्ड मार्क वन या अवाढव्य यंत्राचे प्रोग्रॅम कागदी पट्टीवर भोकं पाडून लिहीत. भोक चुकीच्या जागी पडलं, की त्यावर कागदाचा तुकडा डकवत. आपल्याकडे ठिगळ म्हणजे गरिबीची खूण, ते लपवायचं. संगणकात मात्र ज्याच्या अंगावर ठिगळ नाही तोच फाटका.

आता मुद्द्याचं. बहुतेकांची समजूत अशी, की कंपनीने दुरुस्ती काढली म्हणजे धोका टळला. आपण ती आज बसवली काय किंवा महिन्याने, काय बिघडतं? प्रत्यक्षात धोका त्या दिवसापासून वाढतो. समजा, कुलपांच्या कंपनीने जाहीर केलं, की अमुक मॉडेलचं कुलूप साध्या तारेने उघडतं, दुकानात या आणि फुकट बदलून घ्या. ही जाहिरात तुम्ही वाचता, तशी चोरही वाचतो. कालपर्यंत ही खोड एखाद्-दुसऱ्याला ठाऊक होती, आज गावाला कळली. सॉफ्टवेअरमध्ये तर चोराला आणखी सोपं आहे. दुरुस्तीआधीची फाइल आणि नंतरची फाइल शेजारी ठेवून काय बदललं एवढं पाहिलं, की भोक नेमकं कुठे होतं ते समजतं. मग ज्यांनी कुलूप बदललं नाही, त्यांची दारं शोधत फिरायचं. हे फिरणंही यंत्रच करतं. म्हणून ‘माझ्या संगणकात चोरण्यासारखं आहे काय?’ या प्रश्नाला फारसा अर्थ उरत नाही. दार हलवून बघणाऱ्या यंत्राला घर कोणाचं आहे याच्याशी देणंघेणं नसतं.

याचा धडा जगाने २०१७ मध्ये घेतला. त्या वर्षी १४ मार्चला मायक्रोसॉफ्टने विंडोजमधल्या फाइल-देवघेवीच्या जुन्या व्यवस्थेतलं एक भोक बुजवणारं अपडेट काढलं. अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेने ते भोक आधीच हेरून, त्यातून आत शिरण्याचं हत्यार बनवून ठेवलं होतं. एप्रिलमध्ये ‘शॅडो ब्रोकर्स’ नावाच्या टोळीने ते हत्यार चव्हाट्यावर मांडलं आणि १२ मेच्या शुक्रवारी ‘वॉनाक्राय’ सुटला. दीडशे देशांतले दोन लाखांहून अधिक संगणक त्याने कुलूपबंद केले आणि प्रत्येकाकडे तीनशे डॉलरची खंडणी मागितली. इंग्लंडमध्ये सरकारी आरोग्यसेवेच्या २३६ पैकी किमान ८१ ट्रस्टना त्याची झळ बसली, हजारो रुग्णांच्या ठरलेल्या तपासण्या रद्द झाल्या. आपल्याकडे आंध्र प्रदेशातल्या काही पोलीस ठाण्यांचे संगणक अडकले. १४ मार्च ते १२ मे हे दिवस मोजा : एकोणसाठ. फुकट मिळणारं ठिगळ एकोणसाठ दिवस दारात पडून होतं.

त्यानंतर दीडच महिन्याने, २७ जूनला, ‘नॉटपेट्या’ आला आणि तो थेट न्हावाशेव्यापर्यंत पोहोचला. मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीच्या समूहाकडे असलेलं जवाहरलाल नेहरू बंदरातलं टर्मिनल ठप्प झालं, कंटेनर कुठला नि कोणाचा हे सांगणारी यंत्रणा गेली आणि माणसांना हाताने काम करावं लागलं. पसरण्यासाठी या विषाणूने त्याच मार्चमधल्या भोकाचा वापर केला. जोडीला चोरलेले पासवर्डही होते. मर्स्कला दहा दिवसांत पंचेचाळीस हजार संगणक आणि चार हजार सर्व्हर नव्याने उभे करावे लागले. त्यातली एक गोष्ट लोडशेडिंग भोगलेल्या आपल्या लोकांना विशेष कळेल. कंपनीच्या जाळ्यात कोण कोण आहे याची नोंद ठेवणारे जगभरचे सगळे सर्व्हर पुसले गेले होते, एक सोडून. तो घानामध्ये होता आणि हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेल्याने जाळ्यापासून तुटलेला होता. त्यावरून बाकीचं उभं राहिलं. बॅकअपचं बोलू तेव्हा हा सर्व्हर आठवावा.

आता तो दिवस. मायक्रोसॉफ्ट २००३ पासून दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी सुरक्षेच्या दुरुस्त्या एकदम काढते. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेदहा-साडेअकरा झालेले असतात, म्हणजे आपल्यासाठी तो बुधवारच. दुसरा मंगळवार नेहमी ८ ते १४ तारखांमध्ये येतो. त्यामुळे त्याच्या पुढचा शनिवार नेहमी १२ ते १८ मध्ये पडतो. दरमहा विवरणपत्र भरणाऱ्यांची जीएसटीआर-१ची शेवटची तारीख ११ आणि ३-बीची २०. मधली ही फट जणू करसल्लागारांसाठीच ठेवली आहे. दुसऱ्या मंगळवारनंतरचा शनिवार हा ऑफिसचा अपडेटचा वार ठरवून टाका. मधले तीन-चार दिवस एवढ्याचसाठी, की अपडेटमध्येच खोट निघाली तर तोवर बोभाटा होतो. त्यापेक्षा जास्त थांबू नका. तिसऱ्या आठवड्यात ‘पुढच्या महिन्यात एकदमच करू’ असं कोणी म्हणालं, तर एकोणसाठ हा आकडा आठवा.

घरी मात्र हे शनिवारचं लफडं नको. घरच्या संगणकावर अपडेट स्वयंचलित ठेवावं आणि येईल तसं घ्यावं.

ऑफिसात पद्धत अशी : बुधवारी किंवा गुरुवारी एकाच संगणकावर अपडेट घ्यायचं, ज्याच्यावाचून दोन तास अडणार नाही असा निवडा. त्यावर टॅली उघडते का, टोकन सही करतं का, प्रिंटर छापतो का, एवढं पाहायचं. शुक्रवारी संध्याकाळी सगळ्यांचा बॅकअप बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्यायचा आणि डिस्क काढून कपाटात ठेवायची. ती जोडलेलीच राहिली, तर खंडणीखोर विषाणू तिलाही कुलूप लावतो. घानाचा तो सर्व्हर वाचला तो तुटलेला होता म्हणूनच. शनिवारी दुपारी बाकीचे संगणक. एखादा रुसलाच, तर विंडोज अपडेटमधल्या ‘अपडेट हिस्टरी’त खाली ‘अनइन्स्टॉल अपडेट्स’ असतं. तिथून नेमकं तेवढं अपडेट मागे घेता येतं. अख्खी विंडोज नव्याने टाकायला लावणाऱ्या मेकॅनिकला हे विचारून बघा. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, हे कोण करणार त्याचं नाव ठरलेलं हवं. ‘आपण सगळे लक्ष ठेवू’ म्हणजे कोणीच ठेवत नाही.

वीस तारखेला पाच वाजता झालेला तो रिस्टार्ट टाळायची सोय विंडोजमध्येच आहे. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेट, त्यात ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, त्यात ॲक्टिव्ह अवर्स. तुमच्या कामाचे तास तिथे सांगून ठेवा. अठरा तासांपर्यंतची मुभा आहे. त्या वेळेत यंत्र आपणहून रिस्टार्ट घेत नाही. चिठ्ठीपेक्षा हे बरं.

रिस्टार्टवरून आठवलं. पुष्कळ जण रोज रात्री संगणक शटडाउन करतात आणि समजतात, की अपडेट लागत असतील. विंडोजमध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय बहुतेक संगणकांवर चालू असते. तिच्यामुळे साध्या शटडाउनमध्ये विंडोजचा गाभा पूर्ण बंद न होता झोपवला जातो, सकाळी लवकर उठावा म्हणून. रिस्टार्टमध्ये मात्र तो खरोखर नव्याने सुरू होतो. लॅपटॉपवाल्यांचं तर विचारू नका. झाकण मिटलं की काम संपलं, महिना महिना रिस्टार्ट नाही. ब्राउझरचीही तीच कथा. क्रोम नवी आवृत्ती मागच्या मागे उतरवून ठेवतो, पण ती लागू होते तो बंद करून पुन्हा उघडल्यावरच. ज्यांच्याकडे चाळीस टॅब तीन आठवडे उघडे असतात, त्यांचा क्रोम तीन आठवडे जुना असतो. उजव्या कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांपाशी अपडेटची खूण दिसली, की त्याच दिवशी ब्राउझर बंद करून उघडा. टॅब परत येतात. ब्राउझरला शनिवारचा नियम लागू नाही. तो दिवसभर बाहेरच्या जगाशी बोलतो, क्रोमच्या सुरक्षा दुरुस्त्याही २०२३ पासून दर आठवड्याला येतात.

शनिवारची वाट न बघण्याची दुसरी वेळ म्हणजे ज्या भोकातून हल्ले सुरूच झाले आहेत ते. भारत सरकारची सर्ट-इन ही संस्था २००४ पासून याच कामाला आहे आणि तिच्या संकेतस्थळावर इशारे सतत येत असतात. त्यात धोका किती गंभीर याची श्रेणी दिलेली असते, लोक तिलाच घाबरतात. मी त्या श्रेणीपेक्षा एकच गोष्ट शोधतो : ‘याचा वापर करून प्रत्यक्ष हल्ले होत आहेत’ असं लिहिलंय का? तसं असेल आणि ते सॉफ्टवेअर तुमच्याकडे असेल, तर त्याच दिवशी बसवा, मग ती अकरा तारीख का असेना.

विंडोज अपडेट झालं म्हणजे संगणकातलं सगळं अपडेट झालं, असं मात्र नाही. ते मुख्यतः मायक्रोसॉफ्टच्या घरचं बघतं. बाकीची मंडळी ज्याची त्याने बघायची, आणि त्यातला ठळक नमुना म्हणजे विनरार. आपल्याकडचा असेंबल केलेला पीसी विनरारशिवाय दुकानाबाहेर पडत नाही. ‘चाळीस दिवसांची मुदत संपली’ असं म्हणत तो वर्षानुवर्षं फुकट चालतो आणि स्वतःहून कधीही अपडेट होत नाही. २०१९ मध्ये त्यात एक भोक सापडलं, ते एकोणीस वर्षं तिथेच होतं. २०२३ मध्ये दुसरं सापडलं; ऑगस्टमध्ये ६.२३ आवृत्तीने ते बुजण्याआधी एप्रिलपासून त्याचा गैरवापर चालू होता. २०२५ मध्ये पुन्हा तेच. त्या वेळी ७.१३ आवृत्ती बसवावी लागली. तुमच्या संगणकातला विनरार उघडून ‘हेल्प’मधून आवृत्तीचा आकडा बघा. बहुतेकांना तिथे पाच किंवा सहा दिसेल. विंडोज ११ला आता रार फाइल स्वतःच उघडता येते, तेव्हा अनेकांसाठी सर्वांत टिकाऊ ठिगळ म्हणजे विनरार काढून टाकणं. हाच न्याय त्या फ्लॅश प्लेअरला, ज्याचा आधार २०२० सरताना संपला आणि जो जुन्या यंत्रांवर अजून बसून आहे. जे नाही, त्याला भोक पडत नाही.

दुकानदाराने क्रॅक विंडोज टाकून दिली असेल तर वरचं सगळं मुळातच फसतं. ‘पकडलं जाईल’ म्हणून तो अपडेट बंद करूनच यंत्र हाती देतो आणि गिऱ्हाईक खूश, की मध्येमध्ये काही विचारत नाही. शिवाय क्रॅक करणाऱ्या फाइलला आपण स्वतःच सर्वाधिकार दिलेले असतात. यावर मधला मार्ग नाही : परवाना घ्या किंवा लिनक्स मिंटसारखी फुकट आणि नियमित अपडेट होणारी व्यवस्था बसवा. पत्रं, हिशेबाचे तक्ते आणि ब्राउझर एवढंच काम असेल, तर आठवड्याभरात सवय होते.

आणि मग येतात ज्यांना अपडेट करताच येत नाही ते. महाराष्ट्रात कुठल्याही तालुक्याच्या गावी डीटीपीच्या दुकानात जा. लग्नपत्रिका, पतसंस्थेचा अहवाल, दिवाळी अंकाची पानं : सगळं पेजमेकर ७ मध्ये, श्रीलिपी किंवा आयएसएमच्या जुन्या फाँटमध्ये. पेजमेकर ७ आला २००१ मध्ये आणि त्यानंतर पुढची आवृत्ती निघालीच नाही. फाँटचं हार्डवेअर लॉक जुन्या विंडोजवरच चालतं. वीस वर्षांचा मजकूर त्या फाँटमध्ये अडकलेला. अशा माणसाला ‘विंडोज ११ घ्या’ म्हणणं म्हणजे चालत्या छापखान्याला टाळं लावा म्हणण्यासारखं आहे.

त्याच्यासाठी सल्ला वेगळा. ते यंत्र राहू दे, पण त्याचं नेट काढा. वायर काढा, वायफायचा तुकडा लावला असेल तो काढा. ईमेल, व्हॉट्सॲप वेब, बँक हे सगळं दुसऱ्या, अपडेट असलेल्या संगणकावर. गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्ह थेट जुन्या यंत्राला कधीच लावायचा नाही. आधी नव्या संगणकावर तपासायचा, हवी ती फाइल दुकानाच्या स्वतःच्या पेनड्राइव्हवर घेऊन मग तिकडे न्यायची. जुन्या यंत्राच्या पूर्ण डिस्कची प्रतिमा काढून ठेवा, कारण ती हार्ड डिस्क कुठल्याही दिवशी जाऊ शकते. आणि जो मजकूर पुन्हा लागणार आहे, तो थोडा थोडा युनिकोडमध्ये आणत राहा. हे काम कंटाळवाणं आहे. काना-मात्रा उडतात, रफार भलतीकडे जाऊन बसतात. पण जुनी यंत्रं विझतील त्या दिवशी तेवढाच मजकूर हाती असेल.

विंडोज १० वाले अजून स्वतःला या रांगेत धरत नाहीत, पण १४ ऑक्टोबर २०२५ला तिचा आधार संपला. घरगुती वापरकर्त्यांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा दुरुस्त्यांची मुदतवाढ मिळते, मात्र त्यासाठी सेटिंग्जमधून नाव नोंदवावं लागतं. आपोआप होत नाही.

फोनचं थोडक्यात. सेटिंग्जमध्ये ‘अबाउट फोन’, त्यात अँड्रॉइड व्हर्जन. तिथे सिक्युरिटी अपडेटची तारीख असते. ती वर्षभरापेक्षा जुनी असेल आणि नवं अपडेट येतच नसेल, तर कॅमेरा कितीही छान असो, त्या फोनवर यूपीआय आणि बँकेचं ॲप ठेवू नका. तो मुलांना गाणी ऐकायला द्या. नवा फोन घेताना किती मेगापिक्सेल याच्या आधी किती वर्षं सुरक्षा अपडेट मिळणार हे विचारा. घरचा वायफाय राउटर आणि सोसायटीच्या सीसीटीव्हीचा डीव्हीआर हेसुद्धा संगणकच आहेत. सोसायटीच्या पुढच्या सभेत ‘डीव्हीआर शेवटचा अपडेट कधी केला, पासवर्ड बदलला का?’ एवढं विचारा. उत्तर मिळालं तर तुमची समिती चांगली आहे.

एक इशारा उलट बाजूने. अपडेट हवं, हे चोरांनाही कळलेलं आहे. वेबपान उघडताना मध्येच ‘तुमचा ब्राउझर जुना झाला आहे, येथे दाबा’ असा फलक आला, किंवा व्हॉट्सॲपवर बँकेच्या नावाने, आरटीओ चलनाच्या नावाने एपीके फाइल आली, तर ते अपडेट नाही. खरं अपडेट त्या सॉफ्टवेअरच्या आतून, सेटिंग्जमधून किंवा प्ले स्टोअरमधून येतं. ते तुमच्याकडे फॉरवर्ड होत नाही. फसगत झालीच आणि खात्यातून पैसे गेले, तर आधी १९३० या क्रमांकाला फोन करा, मेकॅनिकला नंतर.

खऱ्या अपडेटनेही कधी घात होतो, हे कबूल करायला हवं. नॉटपेट्या पहिल्यांदा शिरला तो युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अधिकृत अपडेटमधूनच. १९ जुलै २०२४ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने सुमारे पंच्याऐंशी लाख विंडोज संगणक आडवे केले. त्या दिवशी आपल्याकडच्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. पहिल्या एका संगणकावर करून बघण्याचा आणि कपाटातल्या डिस्कचा खटाटोप यासाठीच आहे. पण कंपन्यांनी क्वचित केलेल्या चुकीला घाबरून रोजचं दार उघडं ठेवायचं, हा हिशेब जुळत नाही.

आमच्या करसल्लागारांकडे आता वहीचं एक पान आहे. संगणकाचा क्रमांक, विंडोजची आवृत्ती, त्यावरची महत्त्वाची सॉफ्टवेअर, शेवटच्या अपडेटची तारीख आणि करणाऱ्याची सही. दर महिन्याला एक ओळ. पिवळ्या चिठ्ठ्या अजून आहेत, फक्त मजकूर बदलला : ‘अपडेट – शनिवारी, जेवणानंतर.’ दिवाळीत वहीपूजनाच्या आदल्या आठवड्यात त्या पानावर आणखी एक रकाना भरतात : कोणत्या सॉफ्टवेअरचा आधार पुढच्या वर्षभरात संपतोय. वेळही जुळते, कारण मायक्रोसॉफ्टच्या पुष्कळशा मुदती ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच संपतात. ऑफिस २०१६ आणि २०१९ची मुदत विंडोज १०च्याच दिवशी संपली. त्यांच्या तीन नंबरच्या संगणकावर ऑफिस २०२१ आहे आणि त्यापुढे लाल शाईने तारीख लिहिली आहे : १३ ऑक्टोबर २०२६.